कार्डाच्या आत

खामगावात भर वैशाखात पंखा बंद करून बसणारी माणसं फार नाहीत. चांदीच्या दागिन्यांना झाळ देणारे कारागीर बसतात, कारण फुंकणीच्या ज्योतीला वारा खपत नाही. आणि जेवणानंतरच्या भर दुपारी मी बसते, कारण सोल्डरिंग आयर्नच्या टोकालाही तो खपत नाही. बाहेर पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, शेजारपाजारचे कूलर एका सुरात घुमत असतात. मी घामाने नाकावरून घसरणारा चष्मा मनगटाने वर ढकलत टेबलाशी वाकलेली असते. राळेचा धूर सरळ वर जातो. पंखा सुरू केला की तो इकडेतिकडे पांगतो, डोळ्यांत जात नाही, पण टोक थंड पडतं आणि मग कथील नीट वाहत नाही. सांधा चकाकत नाही, राखाडी आणि खरबरीत राहतो. त्याला मेकॅनिक लोक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. असा सांधा दिसायला जोडलेला असतो, वागायला तुटलेला. आज चालेल, उद्या नाही. टेबलाला धक्का लागला की पुन्हा चालेल. म्हणून घाम परवडतो.

टेबल एका बंद पडलेल्या जिनिंगमधलं आहे. काट्याच्या खोलीत ते होतं. कापसाच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या त्यावर फाडल्या गेल्या असणार. सागवानी, जड, एका कोपऱ्यात शाईचा जुना डाग. आता त्यावर बारा व्होल्टचा एक ॲडॉप्टर, पिवळ्या रंगाचा मल्टिमीटर, बारीक नाकाचा चिमटा आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांची रांग असते. बाटल्यांत गोळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आणि डायोड. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात : बीसी ५४८, एसएल १००, आयएन ४००७. या शेवटच्याचं खरं नाव ‘वन एन’ने सुरू होतं, पण आमच्याकडे सगळे दुकानदार त्याला आयएनच म्हणतात आणि मीही तेच लिहिलं. दुकानदाराला समजलं पाहिजे, एवढंच नावाचं काम.

मी मराठी शिकवायची. व्याकरण, निबंध, पत्रलेखन, सारांश. निवृत्त झाल्यावर बायका काय काय करतात ते मला माहीत होतं. भजनी मंडळ, शेगावची वारी, नातवंडं, गुडघ्यांची दुखणी. त्यातलं बहुतेक मीही करते. पण टेबलावरची ही बाजारपेठ पाहिली की येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो. “दुकान टाकू राह्यल्या का बाई?” नाही म्हटलं की पुढचा प्रश्न : “मंग कोर्स लावला असंन. सर्टिफिकेट भेटते काय?” तेही नाही म्हटलं की माणूस जरा अवघडतो. आमच्या गावात चौकाचौकात नीट आणि जेईईच्या क्लासचे फलक लागलेले आहेत, पोरांचे फोटो, फोटोखाली गुण. शिकणं म्हणजे कुठेतरी पोचणं. मीही तीच शाळा चालवली. ‘परीक्षेला हे येणार आहे’ या वाक्याने मी किती पोरांना कवितेपर्यंत ओढत नेलं असेल आणि त्याच वाक्याने किती पोरांना कवितेपासून पळवलं असेल, याचा हिशेब मांडायला बसले तर दुपार पुरणार नाही.

सुरुवात माहेरी झाली. माझं माहेर घाटावर, लोणार तालुक्यात. आमच्या जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात, मग आडनाव. माझा भाऊ अजून शेती करतो. विहिरीवर पंप आहे आणि पंपाला लागणारी थ्री-फेज लाइन आठवड्याचे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी येते. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन, पायांपुढे काठी आपटत, साप-विंचू सांभाळत जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. लाइन गेली की मोटर बंद. आली की पुन्हा जा. म्हणून स्टार्टरशेजारी ‘ऑटो’ नावाचा एक डबा बसवतात. लाइन आली की तो आपणहून मोटर सुरू करतो. पुढे मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर निघाले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ त्यांतलं नावाजलेलं. पण भावाकडे साधा ऑटोच होता. तो मेला. मेकॅनिक आला, झाकण न उघडताच म्हणाला, “कार्ड गेलं.” नवीन डबा लावला, पैसे घेतले, गेला.

कार्ड गेलं. हे मी आधी कितीदा ऐकलं होतं. वॉशिंग मशीनचं कार्ड गेलं, इन्व्हर्टरचं कार्ड पालीने उडवलं, फ्रिजचं कार्ड आता मिळत नाही, नवीनच घ्या. बाळ दगावलं तर पूर्वी ‘नजर लागली’ म्हणत. त्यानेही पुढचे सगळे प्रश्न असेच बंद होत. मेलेला डबा मी पिशवीत घालून खामगावला आणला आणि स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकाने उघडला. आत हिरवी पट्टी. एक रिले, एक ट्रान्झिस्टर, चारदोन रंगीत पट्ट्यांच्या नळ्या, एक कपॅसिटर फुगलेला. आणि मधोमध आठ पायांची एक काळी चीप, तिच्या पाठीवर पुसट आकडा : ५५५.

त्या आकड्याचं कूळ शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. जगातल्या सगळ्या हौशी माणसांच्या टेबलावर ती असते. हान्स कामेनझिंड नावाच्या स्विस मुळाच्या अभियंत्याने ती १९७१मध्ये आखली. सिग्नेटिक्स कंपनीतली नोकरी सोडून तो तिच्यासाठीच करारावर काम करत होता आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात दोन चिनी खाणावळींच्या मधल्या भाड्याच्या जागेत बसत होता. चिपेचा आराखडा त्याने हाताने, पातळ लाल पापुद्र्यावर सुरीने कापून काढला. बाजारात ती १९७२मध्ये आली आणि अजून बनते आहे. मला तिचं काम फार आवडलं. आत समान किमतीचे तीन रोध ओळीने बसवलेले आहेत. ते आलेल्या व्होल्टेजचे तीन सारखे वाटे करतात. बाहेरचा कपॅसिटर दोन-तृतीयांश भरला की चीप तो रिकामा करायला लागते, एक-तृतीयांश उरला की पुन्हा भरू देते. काठोकाठ कधी नाही, कोरडा ठणठणीतही कधी नाही. आणि सगळी मापं वाट्यांची असल्यामुळे मूळ व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी तिची वेळ चुकत नाही. आमच्या घाटावरच्या लाइनीवर टिकायला याहून दुसरा गुण काय लागतो?

भावाच्या डब्यात ही चीप होती ती उशिरासाठी. लाइन आली की लगेच मोटर सुरू करायची नाही, थोडं थांबायचं. कारण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दहा-पंधरा मोटरी असतात आणि सगळ्यांनी एकाच क्षणी हिसका मारला की डीपी जळते. मग आठवडा आठवडा अंधार, वर्गणी, तक्रारी. प्रत्येकाचा ऑटो वेगवेगळ्या वेळेवर लावलेला असेल तर हे टळतं. पण पहिलं पाणी कोणाचं, हा प्रश्न गावात असतोच. त्यामुळे सगळे जण तो उशीर शून्यावर आणून ठेवतात. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. “तुले आत्ता समजलं?” म्हणाला.

इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तकं, विशेषतः नवशिक्यांसाठी लिहिलेली, विजेला पाण्याची उपमा देतात. व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे नळातली धार, रोध म्हणजे अरुंद पाइप. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असावं. मला हे उलटंच समजून घ्यावं लागलं. आमच्याकडे पाणी विजेमागून येतं. वीज आली तर विहिरीतून पाणी वर येणार. जे रोज पाहिलं ते विजेचं येणं-जाणं, पाणी हा तिचा परिणाम. त्यामुळे ओहमचा नियम माझ्या डोक्यात टाकी-नळातून न येता स्टार्टरवरच्या थरथरत्या काट्यातून शिरला.

रोधांवरचे रंग पाठ करायला मात्र वेळ लागला. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पांढऱ्या नऊपर्यंत. आयटीआयची पोरं यासाठी एक इंग्रजी वाक्य घोकतात, ज्यात कुणी एक बी. बी. रॉय आहेत, ते ग्रेट ब्रिटनचे आहेत आणि त्यांची बायको फार चांगली आहे. रंगांची आद्याक्षरं जुळवण्यासाठी जन्माला आलेले हे रॉय भारतभरच्या वर्कशॉपांत किती वर्षं नांदत आहेत कोण जाणे. बायकोला बिचारीला अजून नाव नाही. मी माझ्यासाठी मराठीत काही जुळवायचा प्रयत्न केला, पण काळा-तपकिरी-लाल-नारिंगी यांतून वाक्य उभं राहीना. शेवटी रॉय दांपत्यालाच घरात घेतलं.

त्याहून मोठं कोडं आकड्यांचं होतं. दुकानात पाच हजार ओहमचा रोध मागितला की मिळत नाही. चार हजार सातशेचा मिळतो. दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस, तेहतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस, छप्पन्न, अडुसष्ट, ब्याऐंशी. मग पुन्हा शंभर. हे आकडे कोणी, कुठल्या पंचांगातून काढले? कागदावर भागाकार करत बसले तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक आकडा मागच्याच्या सव्वापटीहून जरा कमी आहे. कारखान्यातून निघणारा रोध नेमका कधीच नसतो; दहा टक्के इकडे किंवा तिकडे असणार, हे आधीच धरलेलं आहे. मग आकडे असे निवडले की एकाची चूक जिथे संपते तिथे दुसऱ्याची सुरू व्हावी, मधे भेग राहू नये. शेवटचा पट्टा चंदेरी असेल तर दहा टक्के, सोनेरी असेल तर पाच. चूक अंगावरच छापलेली. या टेबलावर एके काळी कापसाचं माप झालं. त्या मापात ओलीचा कडता, काडीकचऱ्याचा कडता असायचा. तो किती धरायचा हे मात्र काट्यावरचा माणूस ठरवायचा आणि गाडीवरचा माणूस मान खाली घालून ऐकायचा. सोनेरी पट्टा पाहिला की मला तो गाडीवरचा माणूस आठवतो.

सोल्डर मारायला मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे बाजारातले एक रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. दुकान आता मोबाइल कव्हरांचं आहे आणि ते मुलगा पाहतो. मागच्या फळीवर मर्फी, फिलिप्स, बुशची रिकामी खोकी एकावर एक पडून आहेत. त्यांची पोरं माझ्या हाताखाली शिकली, म्हणून ते मला बाई म्हणतात आणि माझ्यासमोर विडी पेटवत नाहीत. “कथील लावाचं नाही बाई, कथीलले वाट दाखवाची,” हे त्यांचं पहिलं वाक्य. तार आणि पट्टी आधी तापवायची. ती तापली की कथील आपणहून पसरतं. थंड तारेवर नुसतं वितळलेलं कथील टाकलं तर गोळी होऊन बसतं. आणि राळ विसरायची नाही. तांब्यावर हवेने धरलेला बारीक गंज राळ खाऊन टाकते, तेव्हा कुठे धातूला धातू भेटतो. हे ऐकताना मला लहानपणचा कल्हईवाला आठवला. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा फिरवला की काळं पातेलं आतून उजळायचं. इथल्या चांदीच्या कारागिराच्या पाटावर टाकणखार असतो. नवसागर, टाकणखार, राळ. काम तिन्हींचं एकच आहे आणि तिन्हींचे वास अगदी वेगळे. राळेचा वास मला आता आवडायला लागला आहे. सुनेला तो आवडत नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवते आणि खिडकीतून वैशाख आत येतो.

उस्तादांची दुरुस्तीची पद्धत मला त्यांच्या दुकानात उभं राहून कळली. मुका रेडिओ आला की सगळे एरियल हलवतात, काटा फिरवतात. उस्ताद उलटीकडून सुरू करतात. “पयले स्पीकरले विचारा. मंग मांगं मांगं या.” पेनाएवढा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, बोट त्याच्या धातूवर ठेवायचं आणि आवाजाच्या कंट्रोलच्या मधल्या पायाला टोक लावायचं. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ आलं तर तिथून पुढचं सगळं जिवंत आहे. ते ‘घूं’ कशाचं? आपल्याच अंगाचं. घरभर भिंतींतून पन्नास हर्ट्झची लाइन फिरत असते, तिची झुळूक सतत आपल्या अंगावर पडत असते आणि आपलं शरीर ती बोटातून रेडिओला देतं. मग एक टप्पा मागे. मग अजून एक. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या माथ्याच्या आयएफ कॉइलींपर्यंत, तिथून लाल ऑसिलेटरपर्यंत. जिथे आवाज थांबला तिथे दोष. इंग्रजी येत नसताना, ऑसिलोस्कोप कधी हाताळला नसताना, या माणसाने आयुष्यभर न दिसणाऱ्या गोष्टीचा माग काढला. आमच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्यं गोलाकार मांडून, मधे घागर, पुरी, पापड ठेवून, दुसऱ्या पहाटे त्यांच्या हलण्या-सरकण्यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. लोक लांबून ऐकायला येतात. मी त्या अंदाजावर विश्वास ठेवत नाही, पण त्या गर्दीची ओढ मला समजते. दिसत नाही ते कळावं, एवढीच ती ओढ आहे. उस्तादांकडे मात्र कधी गर्दी नसायची.

लाइनीवरच्या वस्तूला मी हात लावत नाही, बारा व्होल्टपाशीच रमते. तरी उस्तादांचा एक नियम पाळते : उघडं यंत्र समोर असेल तर एक हात पाठीमागे. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने निघतो. पुरुष मेकॅनिक डावा हात खिशात घालतात. लुगड्याला खिसा नसतो; मी तो पदराखाली कमरेला लावते. आणि पाटल्या काढून ठेवते. धातूंत सगळ्यात चांगला वाहक चांदी, तिच्याखाली तांबं, मग सोनं. आमचं गाव चांदीसाठी नावाजलेलं, तरी विजेच्या कामात चांदी क्वचितच वापरतात. जगाचं काम दुसऱ्या नंबरच्या तांब्यावर भागतं. पाटल्या काढून ठेवलेल्या पाहून सुरुवातीला जावेने तोंडावर हात ठेवला होता. आता ती त्या उचलून कपाटात ठेवते.

बायकांच्या हातांचं आणि या विद्येचं नातं मी उगीच शोधायला गेले नव्हते. ते वाचता वाचता पुढ्यात आलं. माणूस चंद्रावर उतरला त्या अपोलो यानातल्या संगणकाची स्मरणशक्ती शब्दशः विणलेली होती. बारीक चुंबकीय कड्या, त्यांतून ओवलेली तांब्याची तार. तार कडीतून गेली तर एक, कडीच्या बाजूने गेली तर शून्य. असा सगळा प्रोग्राम. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून तो ओवत होत्या. एकदा ओवला की बदलायची सोय नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऑफ तासाला शिक्षिकांच्या खोलीत आम्ही सगळ्या स्वेटर विणायचो. घाटाखाली थंडी ती किती, पण विणायचो. दोन सुलट, दोन उलट, मधेच एक घर सोडायचं. मुख्याध्यापक दारातून पाहून म्हणायचे, बायकांचं आपलं बरं आहे. त्यांना त्यात काय दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक. मुलींना तेव्हा शिवण-विणकाम असायचं आणि मुलांना वर्कशॉप. कुठल्या मुलीने सोल्डरिंग आयर्न मागितलं नाही, हे खरं. मागायला ते तिने पाहायला तर हवं.

खामगावाला मात्र विजेच्या संदेशाची ओळख फार जुनी. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा इथे येऊन सुरू केला. कापसासाठी. त्याबरोबर तारायंत्रही आलं आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला इथल्या गाठींची मागणी कळवण्यासाठी पत्राच्या प्रवासाची वाट पाहायची गरज उरली नाही. त्या काळात या गावातल्या किती जणांना कल्पना असेल की खांबांवरून जाणारी ती तार त्यांच्या वर्षाच्या पिकाचा भाव घेऊन येते? आणि पुढे, रेडिओच्या पहिल्या काळात, कॉइल गुंडाळायची तांब्याची तार सुताने मढवलेली असायची. दुहेरी सुती वेष्टणाची. वळशाला वळसा चिकटून शॉर्ट होऊ नये म्हणून. नंतर लाखेसारखा लेप आला आणि सूत गेलं. असं जुन्या तारेचं एक लहानसं रीळ उस्तादांच्या फळीवर मिळालं. सूत पिवळं पडलं आहे. ते कुठल्या कापसाचं, हे सांगणारं कोणी नाही, तरी मी ते नाकाशी नेऊन पाहिलंच.

घाटावर आमच्या वावरात नांगराच्या मागे गारगोट्या निघतात. काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या, पांढऱ्या, काही पारदर्शक. रात्री गोधडीत शिरून आम्ही भावंडं त्या एकमेकींवर घासायचो. आत फिकट उजेड चमकायचा आणि जळकट वास यायचा. आजी ओरडायची, घर पेटवाल. तो उजेड कुठून येतो हे आम्ही कोणालाच विचारलं नाही. विचारायची वस्तू नव्हती ती. पलीकडे लोणारचं विवर. उल्का आदळून बेसॉल्टात पडलेला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, आता रामसर यादीत गेलेला. तिथे आम्ही सहलीला जायचो, खाऱ्या पाण्याचा वास घेत, डबे खात परत यायचो. तेही विचारायचं स्थळ नव्हतं. मागल्या वर्षी मी भिंतीवरचं एक बंद घड्याळ उघडलं आणि त्यातून तांदळाएवढी चांदीच्या रंगाची नळी निघाली. आत क्वार्ट्झ. म्हणजे गारगोटी. घड्याळातली कारखान्यात वाढवलेली, वावरातली जमिनीत, पण द्रव्य तेच. तिला दाबलं की वीज निर्माण होते, वीज दिली की ती थरथरते. पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी यातलं पहिलं १८८० साली दाखवलं. घड्याळातली ही नळी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा विक्षिप्त वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं करा, शेवटी एक उरतो. एक सेकंद. ४०६० नावाची चीप चौदा वेळा निम्मं करते, शेवटची एक वाटणी दुसऱ्या चिपेकडून करून घ्यायची. मी ते जोडलं. लाल एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकायला लागला. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, घरात भिंतभर घड्याळं आहेत. नातीने विचारलं, “आजी, याचा अलार्म वाजतो का?” नाही म्हटलं. “मग?”

मग काही नाही. ही ‘मग’ला उत्तर नसलेली जागा मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

सध्या मी बॅटरी नसलेला रेडिओ करते आहे. एक कॉइल, एक गँग (म्हणजे फिरवून स्टेशन लावायचा कपॅसिटर), एक जर्मेनियमचा डायोड, कानात घालायचा एक स्फटिकाचा इयरफोन. डायोडच्या जागी पूर्वी गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा खडा असायचा. जगदीशचंद्र बोस यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं. हा रेडिओ लाइन मागत नाही, सेल मागत नाही. हवेत जी लहर आहे तिच्याच शक्तीवर तो बोलतो, म्हणून लहर दणकट हवी आणि तार लांब. इथेच अडचण आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८पासूनचं, त्याची ५८५ किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब असते, पण नागपूर पडलं तीनशे किलोमीटरवर. आणि मध्यमलहरींचे कितीतरी प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, “आई, ॲपवर सगळी स्टेशनं लागतात.” लागतात की. उस्ताद म्हणाले, “रातच्याले पाहा बाई. रातच्याले लहर आभाळाले लागून दूर जाते. आलं त आलं, नाही त नुसती खरखर.” खरखर आली तरी ती फुकटची असेल, म्हटलं. त्यांना ते पटलं.

तार मी गच्चीच्या कठड्यापासून अंगणापलीकडच्या कडुनिंबापर्यंत ताणली. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांचे तुकडे, जमिनीत लोखंडी सळई, सळईभोवती ओली माती. शेजारच्या सूनबाईंनी खालून विचारलं, “काकू, कपडे वाळू घालाले बांधली का वो तार?” मी म्हटलं, “नाही, रेडिओची आहे.” त्या हो म्हणाल्या, पण त्यांना माझं काही नीट ऐकू गेलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर तारेवर त्यांच्या दोन चादरी आणि एक सतरंजी. काढा म्हणाले नाही. ओल्या चादरींनी तारेची कपॅसिटन्स किती बदलते ते मला मोजायचं आहे, आणि उन्हं वर आली की त्या वाळतील, म्हणून खाली येऊन मल्टिमीटर घेतला आणि मी तशीच पुन्हा वर गेले.